बाबांच्या गोळ्या आणि जवसाचं तेल

आमच्या वाडीतून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे मी नेमकं काय शिकते, याला तिथे फारसं महत्त्व नाही. मी महाडच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, माझा विषय इतिहास आहे, हे मी बऱ्याच जणांना सांगून पाहिलं. पण शनिवारी पोलादपूरला एसटीतून उतरून, घाटाच्या रस्त्याने जाणारी रिक्षा धरून, वरचा चढ चढून घरी पोचले की ओट्यावर कुणी ना कुणी बसलेलं असतंच. कुणाच्या हातात गोळ्यांचं पाकीट, कुणाच्या हातात डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली.

"वाच गो जरा. ही जेवणाआधीची का नंतरची?"

मी वाचते. अक्षर बारीक असतं आणि निम्मे शब्द मला कळत नाहीत. कळत नाही असं म्हटलं की लोक हसतात. "मंग तिकडं करतेस काय? नुसती फिरतेस?" म्हणून मी हळूहळू कळत नाही म्हणायचं कमी केलं. "दुकानदाराला विचारून सांगते" म्हणते. सोमवारी महाडला जाताना माझ्या पिशवीत पुस्तकांपेक्षा रिकामी पाकिटंच जास्त असतात. मला याचा राग येत नाही. पण थकायला होतं. चढाने पाय दुखतात, तसं हे दुखत नाही; हे नुसतं साचत जातं.

गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत बाबांच्या छातीत दुखलं. पोलादपूर, महाड आणि तिथून रुग्णवाहिकेने पनवेलपर्यंत नेलं. हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळीची नळी बसवली. आमच्याकडे तिला सगळे स्प्रिंगच म्हणतात. बाबा घरी आल्यावर बघायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "आता मला ढकलू नका, मी उडून पडंन." लोक हसायचे, बाबाही हसायचे. मला मात्र पनवेलची एक गोष्ट आठवत राहायची. सोडताना तिथल्या डॉक्टरांनी आईला नाही, दादाला नाही, मला बाजूला घेतलं. "तूच शिकलेली दिसतेस. तर तू लक्षात ठेव. रक्त पातळ ठेवायच्या या दोन गोळ्या निदान वर्षभर एकही दिवस चुकवायच्या नाहीत. बरं वाटलं तरी नाही. मध्येच बंद केल्या तर त्या नळीत गुठळी होऊ शकते, आणि मग इथपर्यंत आणायलाही वेळ मिळायचा नाही." मी मान हलवली. त्या दिवसापासून ते वाक्य माझ्याकडेच आहे. ते मी कुणाला नीट देऊ शकले नाही. आईला सांगितलं, तिने "बरं" म्हटलं. बाबांना सांगितलं, ते म्हणाले, "घेतो ना गो, घेतो."

आणि घेतही होते. मग शिमगा आला.

शिमग्याला मुंबईची माणसं गावी येतात. दादाही आला. तो दादरला एका ऑफिसात काम करतो, फायली इकडून तिकडे नेतो, चहा देतो. त्याने बॅगेतून दोन बाटल्या काढल्या, काळपट काचेच्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. जवसाचं तेल. कुणी त्याला अळशीचं म्हणतात. आमच्या डोंगरात नाचणी होते, वरी होते, पूर्वी तेलासाठी खुरासणी व्हायची, पण जवस आम्ही कुणी शेतात पाहिलेला नाही. दादाच्या साहेबांनी त्याला सांगितलं होतं की ते स्वतः रोज हे तेल घेतात, हृदयाला फार चांगलं, रक्ताच्या नळ्या साफ होतात.

"रोज दोन चमचे," दादा म्हणाला. "गोळ्यांनी पोटाची वाट लागते. हे नॅचरल हाय. साइड इफेक्ट नाय."

मी म्हटलं, "दादा, आधी डॉक्टरांना विचारूया का? बाबांच्या गोळ्या चालू आहेत."

"झालं! आमच्या घरी पण साहेब हाय एक." तो हसला. चिडून नाही, पण सगळ्यांसमोर. "अगो, ते तेल हाय. विष नाय आणलं मी बापासाठी."

तो महागाची वस्तू एवढ्या लांबून बापासाठी घेऊन आला होता, आणि माझ्याकडे इतिहासाची पुस्तकं सोडून काही नव्हतं. शिवाय मला खरंच माहीत नव्हतं. मोबाइलवर पाहिलं तर एक माणूस म्हणे हे तेल म्हणजे अमृत, दुसरा म्हणे सांभाळून घ्या, तिसरा दोन्ही म्हणून मग स्वतःच्या दुकानाचा पत्ता देई. सगळे सारख्याच ठामपणे बोलत होते.

दादा परत गेला आणि मीही महाडला गेले. मी चवदार तळ्याच्या मागच्या बाजूला आणखी तीन मुलींबरोबर एका खोलीत राहते. त्या दिवसांत तळ्यावर माणसांची गर्दी होती, लांबलांबून लोक आले होते, रस्ते भरून गेले होते. मग गर्दी ओसरली, परीक्षा जवळ आली आणि मी दोन-तीन शनिवार घरी गेले नाही. फोनवर बाबा म्हणायचे, "एकदम फस्क्लास हाय."

गेले तेव्हा ते गोठ्याच्या दारात बसले होते. बंडीच्या बाहेर उघडा असलेला उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत काळानिळा झाला होता. मी घाबरले.

"पडलात का?"

"छे. म्हशीनं दाव्याला हिसका दिला. एवढंसं लागलं, पण बघ कसं पसरलंय." त्यांनी हात माझ्यापुढे धरला. चेहऱ्यावर दुखल्याची खूण नव्हती, उलट एक समाधान होतं. "आणि दात घासताना पन रक्त येतंय. थोडं नाय, चांगलं येतंय."

"मग हसताय काय, बाबा?"

"अगो, म्हनजे तेल लागू पडलंय! रक्त पातळ झालंय. आता दोन-दोन इलाज कशाला? गोळ्या मी आजपासनं बंद केल्या."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. पाठीवरची पिशवी काढायचंही सुचलं नाही. बाबांचं म्हणणं त्यांच्या बाजूने किती सरळ होतं, हे मला दिसत होतं. डॉक्टर म्हणाले होते, रक्त पातळ पाहिजे. आता ते डोळ्यांना दिसण्याइतकं पातळ झालं होतं. त्यांच्या हिशेबी ते डॉक्टरांचंच ऐकत होते.

"बाबा, गोळ्या बंद करायच्या नाहीत. पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलंय."

"त्यांना तेलाचं कुठं माहीत होतं तवा?"

"म्हणूनच त्यांना सांगायला पाहिजे ना."

"मंग तू सांग. तेल वाईट हाय का?"

"मला माहीत नाही."

"गोळीचं काम तेल करतं का नाय?"

"मला माहीत नाही, बाबा. मला एवढंच माहीत आहे की गोळी सोडली तर नळीत गुठळी होऊ शकते. तेवढंच मला सांगितलंय."

"तुला माहीत नाय, मला माहीत नाय," बाबा उठत म्हणाले, "मंग ज्यानं बाटली आणली त्याचंच ऐकलेलं बरं."

आई आतून ऐकत होती. चुलीवर कढई होती आणि घरभर एक विचित्र वास पसरला होता, दाराखिडक्यांना रंग लावतात तसा. मी आत गेले तर आई त्याच तेलात भाजीला फोडणी देत होती. तिने आयुष्यभर घाण्यावरच्या तेलाची फोडणी दिली होती. तेल आलं की ते कढईत जाणार, यात तिला विचारण्यासारखं काही वाटलं नव्हतं. बाबांना सकाळी दोन चमचे आणि वर भाजीतून, असं दोन्हीकडून चाललं होतं. बाटली चुलीशेजारच्या फळीवर, धुराच्या आणि उन्हाच्या वाटेत उभी होती.

"दुसरी बाटली कुठे आहे?" मी विचारलं.

"वानवळा दिला की," आई म्हणाली.

हे मी विसरले होते. आमच्याकडे घरात कुठूनही काही चांगलं आलं, पहिला फणस असो की मुंबईचा पेढा, तर ते एकट्याने खात नाहीत. थोडं थोडं प्रत्येक घरी जातं. आईने दुसरी बाटली लहान बाटल्यांत आणि वाट्यांत ओतून वाडीभर वाटली होती. शेजारच्या वहिनीला दिवस गेले होते, तिला तर आठवणीने थोडं जास्त.

रविवारी सकाळी मी बाबांपुढे पाण्याचा तांब्या आणि गोळ्या ठेवल्या. ते तांब्यातलं पाणी प्यायले आणि गोळ्या तशाच राहिल्या. मी पुन्हा म्हटलं, ते पुन्हा हसले. माझा आवाज नेहमी असा मध्येच उतरतो. समोरच्याला वाटतं, हिचीच खात्री नाही. आणि ते खोटंही नसतं.

शेवटी आई बोलली. ती ओसरीवर आली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "अवो, उद्या पोरीबरोबर खाली जायचं. डॉक्टरला इचारायचं."

"आनि म्हशी?"

"म्हशींचं म्हशी बघतील. तुम्ही जाईपर्यंत मी धार काढायची नाय."

बाबा हसले. मग आईकडे बघून त्यांचं हसू हळूहळू कमी झालं. आमची मोठी म्हैस आईशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नाही, हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे.

"जनावराला तरास देशील?"

"मी नाय देत. तुम्ही देताय."

सोमवारी पहाटे म्हैस दावणीला पाय आपटायला लागली. आई चुलीपुढे बसून राहिली. बाबा गोठ्यापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. शेवटी त्यांनी खुंटीवरचा पांढरा सदरा काढून अंगात घातला. सदऱ्याची बटणं लागलेली पाहिली तेव्हाच आईने दुधाची चरवी उचलली.

महाडची एसटी भरलेली होती. औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला जाणारे कामगार उभ्या उभ्या डुलक्या घेत होते. बाबांना बसायला जागा मिळाली. मी त्यांच्या छातीकडे बघत उभी होते. दर वळणावर ते दांडा धरायचे आणि मला वाटायचं, छातीला हात नेला. त्या आठवड्यात माझे दोन पेपर होते. पिशवीत पुस्तक होतं, पण ते काढलं नाही. पुस्तकाऐवजी तेलाची बाटली मांडीशी धरली होती, कागदात गुंडाळून.

महाडला बाबांना तपासणारे डॉक्टर वयस्कर आहेत. कमी बोलतात. त्यांच्याकडे सकाळपासून रांग असते. आमचा नंबर आला तेव्हा त्यांनी हात पाहिला, हिरड्या पाहिल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या चालू आहेत ना?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले.

"शनिवारपासून घेतल्या नाहीत," मी म्हटलं. बाबांनी शुक्रवारपासून सोडल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रागावले नाहीत. बेल वाजवली, बाबांना आत नेऊन छातीचा कागद, म्हणजे ईसीजी, काढायला सांगितला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "छातीत दुखलं का? दम? घाम?" मी नाही म्हटलं. मग मी बाहेरच्या बाकावर बसले. आतल्या यंत्राचा बारीक आवाज येत होता. तेवढ्या वेळात मी एकही प्रार्थना केली नाही. नुसती समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. इतकं दमल्यावर माणसाला घाबरायलाही नीट जमत नाही.

कागद ठीक निघाला. रक्त तपासायला दिलं. डॉक्टरांनी स्वतःच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास बाबांपुढे सरकवला. "आधी घ्या. इथेच. माझ्यासमोर." मी पिशवीतून गोळ्या काढून दिल्या. बाबांनी शाळेतल्या मुलासारख्या घेतल्या.

मग मी बाटली टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी ती उलटसुलट करून पाहिली. "तेल खायचंच आहे. चांगल्या घाण्याचं दिसतंय. तेल वाईट नाही, काका."

"मी हेच सांगत व्हतो," बाबा लगेच माझ्याकडे वळले.

"थांबा. तेल वाईट नाही, पण तुमच्यासाठी नाही. तुमचं रक्त गुठळी धरू नये म्हणून या दोन गोळ्या आहेत. हे तेलही थोडंफार तसंच करू शकतं. किती करेल, हे कुणी मोजून सांगू शकत नाही. गोळीत किती औषध आहे ते मला माहीत आहे. तुमच्या चमच्यात किती, ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही."

"मंग हात काळा झाला तो तेलानं?"

"तसं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. नुसत्या गोळ्यांनीही असे डाग पडतात. दोन्ही मिळून जास्त पडले असतील. पण डाग पडले म्हणजे नळीचं काम झालं, असं नाही. नळीची राखण गोळी करते. तेल नाही करत. तेल राखणीला ठेवून गोळी सोडली, तर गोठ्याचं दार उघडं टाकून झोपल्यासारखं आहे."

आमच्या डोंगरात बिबट्या येतो. गोठ्याचं दार त्यांना समजलं.

मग मी विचारायला सुरुवात केली. मला बोलायला संकोच वाटतो, पण त्या दिवशी बाहेर रांग होती, तरी मी विचारत राहिले. वाडीत किती घरांत ते तेल गेलं, हे सांगितलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि पहिल्यांदा हसले. "अख्ख्या वाडीला डोस दिला होय?"

त्यांनी मला जे सांगितलं ते मी एसटीत बसून पुन्हा पुन्हा मनात घोकलं. ज्या बाईला दिवस गेलेत, तिने हे तेल घेऊ नये. बीपीची, साखरेची गोळी चालू असेल त्याने आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण दोन्ही आणखी खाली जाऊ शकतं. कुणाचं ऑपरेशन किंवा दात काढायचा असेल तर आधी सांगायचं आणि डॉक्टर म्हणतील तेव्हापासून थांबवायचं. ज्याला कसलंच औषध नाही, त्याने हौस असेल तर छोटा चमचा, जेवणाबरोबर, वरून. जास्त घेतलं तर पोट बिघडतं. तापवायचं मात्र कधीच नाही. हे तेल उष्णता सोसत नाही, उजेडही नाही. थंड, अंधाऱ्या जागी ठेवायचं आणि उघडलं की लवकर संपवायचं. कडू लागलं, खवट वास आला, तर ते टाकायचं, ठेवून द्यायचं नाही.

"आणि राखुंडी बंद," त्यांनी बाबांना सांगितलं. "मऊ ब्रश घ्या. शेणीच्या राखेने हिरड्या खरवडल्यावर दुसरं काय होणार? रक्त थांबत नसेल, लघवीतून आलं, शी काळी झाली, तर लगेच यायचं. गोळी बंद करून घरी बसायचं नाही. यायचं."

बाहेर पडताना बाबा म्हणाले, "डॉक्टर बरा हाय. पन ब्रश करायला सांगतोय मला. या वयात."

मी बाबांना पोलादपूरच्या गाडीत बसवून खोलीवर गेले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी पेपर होता. पण वाडीतल्या वाट्या माझ्या डोळ्यांपुढून जाईनात. मी त्यांच्याबरोबर परत वर गेले.

वानवळा परत मागत नाहीत. आमच्याकडे तसं कधी कुणी केलेलं नाही. दिलेलं मागणं म्हणजे त्या घराशी संबंध तोडणं. मी आईला सगळं सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "मागायचं नाय. सांगायचं." आणि चपला घालून माझ्या आधी निघाली.

पहिल्या घरातल्या आजीने ते तेल खाल्लंच नव्हतं. "खायचं व्हतं व्हय? वास बघून मला वाटलं लावायचं. मी म्हशीच्या शिंगांना चोळलं. बघ तरी, कशी चकाकतायत!" आणि खरंच शिंगं चकाकत होती. आई इतकी हसली की तिला भिंतीला टेकून उभं राहावं लागलं. मीही हसले. त्या दिवसातलं तेवढंच हसणं.

दुसरीकडे ते चुलीमागे तसंच होतं, झाकणाशिवाय, खवट झालेलं. तिथल्या काकांना साखरेच्या गोळ्या आहेत. मी सांगितलं ते त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "मंग आधी का वाटलंत?" आईने मान खाली घातली. त्यांनी आमच्यासमोरच ती वाटी परसात उपडी केली. त्यांच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं.

शेजारच्या वहिनीकडे सर्वांत कठीण गेलं. तिची सासू दारातच उभी राहिली. "माझ्या सुनेला तुम्ही काय बी दिलंत आनि आता सांगताय वाईट व्हतं?"

"वाईट नाही, काकी," मी म्हटलं. "पण दिवस गेलेल्या बाईने घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय."

"किती खाल्लंस गो?" आईने आत बघून वहिनीला विचारलं.

वहिनी दाराच्या आडून म्हणाली, "एकदा. कडू लागलं. मंग नाय खाल्लं. तुम्हाला वाईट वाटंल म्हनून सांगितलं नाय."

मी तिला म्हटलं, पुढच्या वेळी तपासायला जाशील तेव्हा तिथल्या नर्सताईंना हेही सांग. तिने मान हलवली. सासू मात्र बाटली हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग आत गेली, बाटली रिकामी करून, धुऊन, त्यात मूठभर वरीचे तांदूळ भरून घेऊन आली. भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. तिने ते आईच्या हातात दिलं, पण आमच्याकडे बघितलं नाही. अजूनही ती आईशी पहिल्यासारखं बोलत नाही.

संध्याकाळी दादाचा फोन आला. बाबांनी स्पीकरवर ठेवला.

"तेल कसं हाय, बाबा?"

आईने आणि मी एकमेकींकडे बघितलं.

"तेल चांगलं हाय रे," बाबा म्हणाले. "डॉक्टर पन म्हनाला, चांगल्या घाण्याचं हाय. पन माझ्या गोळ्यांशी त्याचं जमत नाय. म्हनून बंद केलं."

मग दादा म्हणाला, "म्हणजे मी आणलेलं..."

"तू आणलंस ते बापावरच्या मायेनं. त्यात काय कमी नाय. पन पुढच्या टायमाला काय आणायचं असंल तर आधी हिला इचार."

दादाने फोन लवकर ठेवला. त्याला लागलं असणार. मला ते वाक्य ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण मला फक्त एवढंच कळलं की आता हेही माझ्याकडे आलं. मी तिथेच भिंतीला टेकून झोपून गेले. पहाटे आईने उठवलं आणि मी पेपरला खाली गेले. पेपर बरा गेला नाही.

त्यानंतर मी रोज सकाळी खोलीच्या गच्चीवरून फोन करते.

"घेतली?"

"घेतली."

एवढंच बोलणं. ते खरं सांगतात का, हे मला इथून दिसत नाही. आई म्हणते, घेतात. मी विश्वास ठेवते. दुसरं करणार तरी काय? एखाद्या दिवशी रेंज नसते आणि मग दुपारच्या तासाला माझं लक्ष लागत नाही. रक्ताच्या तपासणीत काही वाईट निघालं नाही. हाताचे डाग आधी हिरवे, मग पिवळे होत फिके पडले, असं आई सांगते. ब्रश मात्र बाबा तक्रार करत करत वापरतात.

परवा सकाळी मी करायच्या आधीच त्यांचा फोन आला. मी घाबरूनच उचलला.

"काय झालं?"

"काय नाय. खोकला झालाय. पोलादपूरच्या दुकानातनं बाटली आनली. आयुर्वेदिक हाय म्हनतो. घेऊ का?"

मी म्हटलं, "बाबा, मला यातलं कळत नाही."

"ते म्हाईत हाय," ते म्हणाले. "तुला कळत नाय तर डॉक्टरला इचार. तवर मी उघडत नाय."

"आणि गोळ्या?"

"घेतल्या ना गो. त्या घेऊनच तुला फोन लावला."

मी त्यांना बाटलीवरचं नाव एकेक अक्षर वाचायला सांगितलं. त्यांना ते वाचता येईना. आईलाही येईना. मग त्यांनी शेजारून कुणाच्या तरी मोबाइलने फोटो काढून पाठवला, अर्धा धूसर. पहिला तास चुकवून मी तो घेऊन डॉक्टरांकडे गेले. दवाखाना उघडायचा होता. माझ्या आधी पायरीवर दोघे-तिघे बसले होते. मीही त्यांच्या मागे बसले. पिशवी मांडीवर घेतली आणि फोटोतली धूसर अक्षरं मोठी करून वाचता येतात का, ते बघत राहिले.